भैरोबाची खोळ

पुण्याहून आणलेलं माझं यंत्र वाघसऱ्याच्या भैरोबासमोर आलं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरच अडलं. अडवणारा दुसरातिसरा कोणी नव्हे, माझा सख्खा बाप.

"ही भानगड आत न्हाई यायची," आप्पा म्हणाले.

"आप्पा, नुसती मान आत येईल त्याची. मी बाहेरच बसते."

"तुझा तर प्रश्नच न्हाई. तू कवाच न्हाई यायची."

घ्या! प्रयोगशाळेत अख्खा विभाग माझ्या एका शब्दावर हलतो. मोठमोठ्या दवाखान्यांतली माणसं 'डॉक्टर वैजयंता गुरव कुठे बसतात' म्हणून विचारत येतात. आणि इथे, बापाच्या राज्यात, माझी जागा उंबऱ्याच्या बाहेर! आम्ही गावचे गुरव. भैरोबाला हात लावायचा हक्क आमच्या घराचा, आणि घरातही फक्त कर्त्या पुरुषाचा. बाकी गावाने लांबून हात जोडायचे. मी एकुलती एक लेक, म्हणजे आप्पांनंतर हा हक्क बुडाल्यातच जमा. हा विषय आमच्या घरी निघाला की भांडी आपटायला लागतात, म्हणून तो कोणी काढत नाही.

शेवटी यंत्राची मान आप्पांनीच आत ढकलली. त्याआधी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. यंत्रातल्या माझ्या नाजूक आरशांवर गोमूत्र! मी दातओठ खाऊन तारा जोडायला बसले, कारण भांडायला वेळ नव्हता.

आमचा भैरोबा म्हणजे कमरेएवढा शेंदराचा ढीग आणि त्यावर बसवलेले चांदीचे दोन डोळे. दर रविवारी तेल, दर अमावास्येला शेंदराचा लेप, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. लेपावर लेप चढून जे जाड कवच झालंय त्याला आम्ही खोळ म्हणतो. आतली मूर्ती कशी आहे ते आज जिवंत असलेल्या कोणीही पाहिलेलं नाही. यंदा शिमगा झाला आणि खोळीला डाव्या खांद्यापासून खाली मोठा तडा गेला. झालं! गावात एकच चर्चा. तडा नुसत्या शेंदराला गेलाय, की आतल्या दगडालाही?

कारण खंडित मूर्ती पुजत नाहीत. ती नदीत सोडतात आणि नवी बसवतात.

देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष दिनकरतात्या हे माणूस म्हणून वाईट नाहीत, पण शास्त्र म्हटलं की हटून बसतात. संगमरवरी मूर्तीचा फोटो त्यांच्या फोनमध्ये तयारच होता, इसारही देऊन झाला होता. छिन्नी लावा, खोळ काढा, दगड बघा, असं त्यांचं म्हणणं. छिन्नीचं नाव काढताच आप्पा उंबऱ्यावर आडवे झाले. मग सरपंच रूपालीने मला फोन केला. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो.

"वैजे, तुझं ते यंत्र भिंतीच्या आतलं बघतं म्हणे?"

"भिंतीतलं, पुलाच्या खांबातलं, तान्ह्या बाळाच्या टाळूतलं. काय बघायचंय?"

"देव," ती म्हणाली. "आणि खरं काय ते चारचौघांत सांगायचं. तुझ्या बापाला आवडो न आवडो."

ग्रामसभेने ठराव केला. मूर्ती अखंड निघाली तर खोळीचा तडा बुजवायचा, खंडित निघाली तर विसर्जन. दोन्ही बाजूंनी बेलभंडारा उचलला. तात्यांनी उचलला आणि आप्पांनीही उचलला. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत.

आता यंत्राचं सांगते. अवघड काही नाही. शेंदराच्या आतलं दिसत नाही, कारण शेंदूर उजेड गिळतो असं आपल्याला वाटतं. खरं तर डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा जो उजेड असतो, तो शेंदूर फारसा गिळत नाही. तो त्याला भिरकावतो, या कणावरून त्या कणावर, तिथून तिसऱ्यावर. जत्रेत पोरं चुकतात तसा उजेड चुकतो आणि बाहेर येतो तेव्हा त्यात चित्र म्हणून काही उरलेलं नसतं.

पण चुकण्यालाही नियम असतो. शेंदराचे कण जागचे हलले नाहीत, तर कुठला किरण कुठे वळणार हे ठरलेलंच असतं. मग असं करायचं. जत्रेत शंभर पोरं सोडायची तर प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायचं. तू पाळण्यापासून डावीकडे वळ, तू रेवडीवाल्याच्या मागून ये, तू जरा थांबून नीघ. सगळी वेगवेगळ्या वाटांनी जातील आणि एकाच वेळी नगारखान्याशी भेटतील. माझे लाखो बारीक आरसे नेमकं हेच करतात. उजेडाची लाट ते सरळ सोडत नाहीत. तिला आधीच वाकवून, पिळून, कुठे पुढे काढून, कुठे मागे रेटून पाठवतात. शेंदरात शिरली की ती विस्कटते, पण या विस्कटण्यातच तिचा आधीचा पीळ सुटतो आणि ती पाहिजे त्या जागी एका टिंबावर गोळा होते. ते टिंब आतल्या आत फिरवत नेलं की चित्र उमटतं. अशा घडवलेल्या उजेडावर चालणाऱ्या आमच्या यंत्राचं नाव डोळस.

प्रत्येक वस्तूची उजेड चुकवायची रीत निराळी असते. ती आधी शिकावी लागते. त्या शिकलेल्या रीतीला आम्ही किल्ली म्हणतो. किल्ली तयार व्हायला अख्खा दिवस जातो आणि तेवढ्यात वस्तूत काही बदल झाला की सगळं मुसळ केरात.

म्हणून शनिवारी मी आप्पांना बजावलं. "उद्या संध्याकाळपर्यंत देवाला काही लावायचं नाही. लेप नाही, हळद नाही, हारसुद्धा नाही."

"बरं," आप्पा म्हणाले.

रविवारी सकाळी देवळात जाऊन बघते, तर हा 'बरं' म्हणणारा माणूस तांब्या भरून कोमट तेल भैरोबाच्या डोक्यावरून सोडतोय! तेल तड्यात शिरतंय, खांद्यावरून ओघळतंय, आणि पडद्यावर माझी किल्ली पाण्यात पडलेल्या कागदासारखी विरघळतेय.

"आप्पा! अहो काय केलंत हे!"

"रविवार हाय."

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"ते तू सांगितलंस. देवानं कुठं सांगितलं, आज तेल नको म्हणून? आन तडा पडल्यापासनं त्याचं अंग निस्तं कोरडं पडलंय, बोटानं लावलेलं पुरंना. बगवत न्हाई मला."

मी तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले, हट्टी म्हणाले, तुमच्या असल्या वागण्यानेच देव नदीत जाणार असंही म्हणाले. आप्पांनी तांब्या पुसला, कोनाड्यात ठेवला आणि विचारलं, "भाकरी खाणार का?" अशा माणसाशी भांडून डोकं फोडून घ्यायचं, दुसरं काय!

खरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. तेलाच्या आधीही माझं काही नीट चाललं नव्हतं. बाहेरचे थर इतके सुकले होते आणि त्यांत इतकी बारीक बारीक हवा भरली होती, की डोळस बोटभर खोलीच्या पुढे जातच नव्हता. सोमवारी, तेल मुरल्यावर, चरफडत मी नवी किल्ली करायला बसले आणि मंगळवारी दुपारी पडदा बघून माझा माझ्यावर विश्वास बसेना. उजेड थेट दगडाला जाऊन टेकला होता. भज्यांच्या पुड्याचा कागद तेलाने आरपार दिसायला लागतो ना, तेच इथे झालं होतं. कणांमधल्या हवेच्या जागी तेल गेलं आणि उजेडाचं भिरभिरणं कमी झालं. बाप चुकला आणि माझं काम झालं! मी सभामंडपात एकटीच टाळ्या पिटत नाचले.

नाच फार वेळ टिकला नाही.

मूर्ती उभी होती. हातात त्रिशूळ, पायाशी कुत्रं, कमरेला बारीक घंटांची माळ. किती सुंदर काम होतं ते! आणि डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत ती आरपार मोडलेली होती. सरळ दोन तुकडे. मी वेगवेगळ्या बाजूंनी बघितलं, पुन्हा बघितलं. शंकेला जागाच नव्हती.

आप्पा एव्हाना मंडपात येऊन समया घासत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मोडलाय?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. आप्पांनी हातातली समई खाली ठेवली.

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं अंग चोळतोय मी त्याचं," ते म्हणाले. "आन कुठं मोडलंय ते मला कळलं न्हाई." आणि माझा बाप, जो आई गेली तेव्हाही लोकांसमोर रडला नव्हता, राखेने भरलेल्या हातांनी डोळे पुसायला लागला.

पडद्यावरचं चित्र मी सोपं करून मांडल्याशिवाय गावात कोणालाही वाचता आलं नसतं. नुसते रंगांचे पट्टे. "आप्पा," मी म्हणाले, "मी अखंड आहे म्हणून सांगते. कोण तपासणारे?"

"गप!" आप्पा असे ओरडले की कळसावरची पाखरं उडाली. "त्याच्याम्होरं बसून खोटं बोलतीस? मी भंडारा उचललाय. मोडला म्हन आन मोकळी हो."

मी पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले. मला राग आला होता. दगडाचा, तात्यांचा, त्या ठरावाचा, सगळ्यांचा. मोडला ते ठीक, पण कधी मोडला? शिमग्यानंतर की त्याआधी? शेंदराच्या प्रत्येक थरावरून उजेडाचा थोडा थोडा भाग परत येतो, आणि कुठल्या खोलीवरून आला ते मला वेगळं काढता येतं. मी बाहेरून आत एकेक थर सोलत निघाले. वरच्या थरांना तडा होता, तो यंदाचा. त्याखाली तडा पुसट झाला आणि मग नाहीसाच झाला. म्हणजे शेंदराचा तडा आणि दगडाची मोड यांचा एकमेकांशी संबंध नव्हता! मी आणखी आत गेले. थर संपता संपेनात. वर्षाला बारा-तेरा धरले तरी शिवकाळाच्या मागे जात होते. आणि सगळ्यांत खाली, दगडाला चिकटलेला अगदी पहिला थर, मोडीवरून सलग गेला होता. मोडीच्या फटीत शिशाचा रस ओतून सांधा केलेला होता, आणि त्या सांध्यावर शेंदूर दाबून बसवला होता.

दाबून बसवला होता म्हणजे अक्षरशः हातांनी. हात दिसत होते. पूर्ण पंजे उठले होते त्या थरात, एकावर एक. एक राकट, रुंद. एक निमुळता, आणि त्याच्या मनगटाशी बांगड्यांच्या कडा रुतलेल्या. एक इतका चिमुकला की कोणीतरी पोराला कडेवर घेऊन त्याचा हात टेकवला असणार. मी मोजायचं सोडून दिलं. हे एका माणसाचं काम नव्हतं. एका घराचंही नव्हतं.

मी आप्पांना बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. सगळं समजावून सांगितलं आणि मग जे सांगायला जड जात होतं तेही सांगितलं. "आप्पा, हे मी दाखवलं तर देव जागेवर राहील, अशी मला खात्री आहे. पण मग हात लावायचा हक्क फक्त गुरवांचा, हे कोणी ऐकून घेणार नाही. हे बघा, यात बायका आहेत. पोरं आहेत. सगळं गाव आहे."

आप्पा पडद्याशी वाकले. त्यांनी आपला पंजा उघडून स्वतःकडेच धरला, पुन्हा मिटला. मग घरी निघून गेले. जेवायलाही बसले नाहीत.

बुधवारी ग्रामसभा भरली. देवळासमोरच्या पटांगणात रूपालीने मोठा पडदा लावला होता. वरच्या वस्तीपासून कोळीवाड्यापर्यंत झाडून सगळे आले होते. मी उभी राहिले आणि आडवळण न घेता सांगितलं, "मूर्ती खंडित आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत."

बायकांच्या बाजूने 'अगं बाई' असा एकच आवाज उठला. तात्या उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. "मला काय हौस न्हाई," ते म्हणाले. "पण ठराव झालाय, भंडारा उचललाय. येत्या पुनवेला विसर्जन. गुरव, तुमचं काय म्हननं?"

आप्पा खांबाला टेकून बसले होते. दुसरं चित्र माझ्या बोटाखाली तयार होतं, पण मी बोट उचलून धरलं होतं. देव त्यांचा होता, हक्क त्यांचा होता. त्यातला कुठला सोडायचा ते मी ठरवणार नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलं. सगळं गाव बघत होतं.

"माझं म्हननं काय इचारता?" आप्पा म्हणाले. आवाज बसला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "वैजे, दाखव की ते दुसरं. थांबलीस कशाला?"

मी दाखवलं. शिशाचा सांधा दाखवला, त्याच्यावरून सलग गेलेला पहिला थर दाखवला, आणि मग ते हात, माणसाच्या हाताएवढेच मोठे करून.

"पुजलेली मूर्ती भंगली तर ती सोडायची, हे शास्त्र," मी म्हणाले. "इथे उलटं झालंय. हा दगड आधी मोडला. वीज पडली, धरणी हलली की कोणी घाव घातला, ते माझा उजेड सांगू शकत नाही. पण मोडलेला आहे हे माहीत असताना गावाने तो उचलून आणला, सांधला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला शेंदूर लावला. शेंदूर लागल्यापासून त्याला ओरखडाही गेलेला नाही. तात्या, तुम्ही सांगा. आपल्या या देवाला कोणी मोडलं?"

तात्यांनी टोपी काढली. पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून त्या बांगड्यांच्या खुणा अगदी जवळून बघितल्या. "ही कुनाची आय असंल गं?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत! तात्या सभेकडे वळले. "देव झाल्यापासनं तो अखंडच हाय," ते म्हणाले. "माझा शब्द मी मोडत न्हाई. मूर्ती जागंवरच राहनार."

त्यानंतर जो गलका झाला त्यात रूपालीचं ऐकू येईना. ती ओरडून विचारत होती, संगमरवरी मूर्तीचं काय करायचं, आणि कोणीतरी ओरडून सांगत होतं, वेशीत बसवा, भैरोबा काय एकाच जागी बसतो होय! आप्पा या सगळ्यात दिसेनासे झाले. मी देवळात शोधायला गेले तर ते परातीत शेंदूर आणि तेल मळत होते. तडा बुजवायचा होता ना.

परात घेऊन ते उंबऱ्यापाशी आले. मागोमाग लोकही आले आणि नेहमीच्या सवयीने पायरीशी थबकले. तात्या पुढे, पण पायरीच्या खालीच.

"या," आप्पा म्हणाले.

कोणी हललं नाही.

"अरे या की! दगडं झाली का तुमची? त्या वक्ताला सगळी आली हुती न्हवं? आता काय मुहूर्त बगताय?" आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा बाप रागावला की त्याचा खालचा ओठ थरथरतो. आत्ताही थरथरत होता, पण राग नव्हता तो. "वैजे. हात धू आन आत ये."

मी हात धुतले. डोळे भरून आल्यामुळे उंबरा नीट दिसत नव्हता, त्याला ठेचाळले आणि आत गेले. गाभाऱ्यात तेलाचा आणि झेंडूचा वास कोंडला होता. आयुष्यभर लांबून बघितलेला देव माझ्या इतक्या जवळ होता की त्याच्या चांदीच्या डोळ्यात मी मला दिसत होते. बाहेर रूपाली बायकांची रांग लावत होती आणि मी आतून ओरडून सांगत होते, "जेवायच्या आधी हात साबणाने धुवा गं, शिसं असतं शेंदरात!" काहीतरी बोलत राहिले नसते तर मोठ्याने रडले असते.

मी परातीतून शेंदूर घेतला आणि खांद्यावरच्या तड्यावर हलकेच बोटं फिरवली. चुकून काही बिघडेल म्हणून जीव मुठीत धरून. आप्पांनी आपला पंजा माझ्या पंजावर ठेवला आणि खाली रेटला.

"अगं दाबून लाव," ते म्हणाले. "उजेड न्हाई तो, शेंदूर हाय."